दहा रुपये दंड

२०२५ साली पुण्यात पाऊस मेमध्येच आला. २८ तारखेला बहिणीच्या नातवाला घेऊन मी फर्ग्युसन कॉलेजात गेले, तेव्हा एका हातात ठिबकणारी छत्री होती आणि पिशवीत सकाळचं वर्तमानपत्र, अर्धं भिजलेलं. वसतिगृहातली सतरा नंबरची खोली वर्षातल्या मोजक्या दिवशीच लोकांना बघायला उघडतात. सावरकर विद्यार्थी असताना त्या खोलीत राहत. २८ मे ही त्यांची जयंती, म्हणून रांग होती. दाराशी चपलांचा ढीग, आत फोटोला हार, आणि खोली अगदी लहान. आत जायचं, हात जोडायचे आणि मागच्याला जागा करून द्यायची.

नातू आठवीतला. त्याला प्रश्न पडतात आणि ते तो हळू आवाजात विचारत नाही.

"आजी, मग इथून ते कुठे गेले?"

"काढलं त्यांना वसतिगृहातून."

"कोणी?"

"प्रिन्सिपॉलनी. परदेशी कापडाची होळी केली म्हणून. वर दहा रुपये दंड."

"होळी इथे केली? कॉलेजमध्ये?"

"नाही रे, बाहेर."

"मग कॉलेजचा काय संबंध?"

रांगेतल्या दोघातिघांनी मागे वळून पाहिलं. एक काका हसले. मी त्याला पुढे ढकललं. पण प्रश्न बरोबर होता. एकशेवीस वर्षं झाली, तरी त्याचं सरळ उत्तर कुठल्या कॉलेजने दिल्याचं मला आठवत नाही.

पिशवीतल्या पेपरात त्या दिवशी एक बातमी होती. पुण्यातलीच, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची एकोणीस वर्षांची मुलगी. भारत-पाकिस्तान तणावाच्या दिवसांत तिने कुणाचा तरी मजकूर इन्स्टाग्रामवर पुढे टाकला, लोक तुटून पडले तसा दोन तासांत काढला आणि माफीही मागितली. तरी तिला अटक झाली. कॉलेजनेही रस्टिकेट केलं. आदल्याच दिवशी, २७ मेला, उच्च न्यायालयाने तिला ताबडतोब सोडा म्हणून सांगितलं, कॉलेजचा आदेश थांबवला आणि परीक्षेला बसू द्या म्हटलं. तोवर ती येरवड्याच्या तुरुंगात होती.

त्या मुलीने पुढे पाठवलेला मजकूर मला पटण्यासारखा नव्हता. हे आधीच सांगते, कारण हल्ली आधी हे सांगितल्याशिवाय पुढचं कुणी ऐकत नाही.

त्या खोलीसमोर उभं राहून मी मनातल्या मनात दोन शिक्षा शेजारी शेजारी ठेवून पाहत होते. दहा रुपये आणि खोली सोडणं. आणि इकडे अटक, तुरुंग, रस्टिकेट. पहिली शिक्षा इंग्रजांच्या राज्यातली आहे, दुसरी आपल्या.

ते प्रिन्सिपॉल म्हणजे रँग्लर परांजपे. त्यांच्यावर माझा राग नाही. दहा रुपये म्हणजे तेव्हाच्या विद्यार्थ्याला जडच रक्कम, आणि राहती खोली जाणं त्याहून जड. पण परांजपे काही सरकारचे हुजरे नव्हते. बुद्धिवादी माणूस, केंब्रिजला पहिला आलेला, तिकडचं सगळं सोडून इथे तुटपुंज्या पगारावर शिकवायला बसलेला. त्यांना कॉलेज टिकवायचं होतं. टिळकांनी मात्र त्यांना सोडलं नाही. 'केसरी'त अग्रलेख आला, 'हे आमचे गुरूच नव्हेत'. आजही एखाद्या प्राध्यापकाला इतकं लागेल असं दुसरं शीर्षक मला सुचत नाही.

गंमत अशी की हे कॉलेज ज्यांनी उभं केलं, त्यांतले दोघं मुळात छापलेल्या मजकुरापायीच तुरुंगात जाऊन आलेले. कोल्हापूरच्या दिवाणांबद्दल जे छापलं, त्यासाठी १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. कॉलेज निघालं १८८५ साली. पुढे दोघांचं बिनसलं, टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडले, आगरकर १८९२ मध्ये प्राचार्य झाले. त्या आगरकरांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा गावाने त्यांच्या डोळ्यांदेखत काढली होती. म्हणजे त्या टेकडीच्या पायथ्याशी बोलण्याची किंमत काय असते हे ठाऊक नसलेला सुरुवातीला कुणीच नव्हता. आणि तरीही वीसएक वर्षांतच तिथल्याच एका मुलाला खोली सोडायला लागली. आता तीच खोली वर्षभर कुलपात जपून ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी आपण तिच्यासमोर रांग लावतो.

मी हे सगळं वरच्या पट्टीत लिहू शकले असते, माझ्या स्वतःच्या हातून एक गोष्ट झाली नसती तर.

मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात मराठी शिकवायची. आमचं भित्तिपत्रक होतं. नाव 'पालवी'. दर दुसऱ्या कॉलेजात असतं तेच. ऑफिससमोरच्या पॅसेजमध्ये काचेचा फलक, लाकडी चौकट, खाली छोटं पितळी कुलूप. कुलूप कशासाठी, तर पूर्वी फलक उघडा असताना मुलं पुढाऱ्यांच्या चित्रांना मिशा काढायची. किल्ली ऑफिसच्या शिपाईमामांकडे. दर पंधरवड्याला मी तीनचार मुलामुलींना घेऊन बसायची. पांढरी कार्डशीट, काळी शाई, मथळ्यासाठी पोस्टर कलर. ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडून लेख उतरवून घ्यायचा. सगळे कार्डशीटला खळ लावून बसलेले असत, आणि त्या तासाभरात मला मुलांबद्दल जे कळायचं ते वर्षभराच्या तासांना कळायचं नाही.

२०१३ च्या गणपतीआधी एस.वाय.च्या एका मुलीने लेख आणून दिला. 'पावती' नावाचा. दीड पान. वर्गणी मागायला येणारी पोरं, त्यांचं दारातलं उभं राहणं, "काकू, मागच्या वर्षी एक हजार एक होते" हे वाक्य आणि त्यानंतरची शांतता, हे तिने असं पकडलं होतं की मी तास सुरू असताना बाकावरच वाचून हसले. शेवट असा होता: "आमच्या आळीत मूर्ती दर वर्षी एक फुटानं वाढते आणि आजीचं बीपी दहानं."

सोमवारी लावला. मंगळवारी फलकासमोर गर्दी, जी आमच्या फलकासमोर कधीच नसायची. बुधवारी कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा गावात नुकतंच रुळत होतं. संध्याकाळपर्यंत तो लेख मंडळाच्या मांडवात पोहोचला होता, आणि मधल्या दीड पानाचं काय झालं कोण जाणे, मांडवात पोहोचला तो इतकाच की कॉलेजातल्या पोरीने गणपतीची टिंगल केलीय.

गुरुवारी चार जण मोटारसायकलवर आले. त्यांतले दोघं माझेच जुने विद्यार्थी. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मला बोलावलं तेव्हा त्यांनी उठून आधी वाकून नमस्कार केला. मग एक जण म्हणाला, "मॅडम, आमचं काही नाही. पण तेवढं काढून टाका. पोरं ऐकत नाहीत."

पोरं ऐकत नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीत मी निवेदनं पाहिली, घोषणा ऐकल्या, एकदा प्राचार्यांना घातलेला घेरावही पाहिला. पण या तीन शब्दांइतकं नेमकं काम करणारं काही पाहिलं नाही. त्यात धमकी नाही. बोलणारा स्वतः समजूतदार, तुमच्या बाजूचा, काळजीतला. ती ऐकत नसलेली पोरं मला कधी दिसली नाहीत. बहुतेक ती केबिनमध्येच बसलेली होती.

ते गेल्यावर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, लेख चांगला आहे. मीपण हसलो. पण काढा. संस्थेतून दोनदा फोन आलाय."

मी वाद घातला नाही. मामांकडून किल्ली मागितली. त्यांनी कुलूप काढून दिलं आणि दुसरीकडे बघत उभे राहिले. कार्डशीट पूर्ण काढायची तर शेजारची कविताही फाटली असती, म्हणून मी त्यावर जुलैतल्या वृक्षारोपणाचा एक कागद चिकटवला. तो आकाराने लहान निघाला. खालून शेवटची ओळ अर्धवट दिसत राहिली: "आजीचं बीपी दहानं." दोन दिवस मुलं वृक्षारोपण वाचायला येऊन हसून जात होती. तिसऱ्या दिवशी तेवढी पट्टी कुणीतरी ब्लेडने कापून काढलेली. फलक कुलपात असताना.

ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. आत आली नाही. "मॅडम, त्यात चुकलं काय होतं?"

मी म्हटलं, "चुकलं काही नाही गं. वेळ चुकली."

तिने मान हलवली, वहीत टिपून घ्यावं तशी. पुढचं दीड वर्ष ती माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसली, फर्स्ट क्लासमध्ये पास झाली आणि 'पालवी'ला एक ओळ दिली नाही. इतरांचे लेख सुंदर अक्षरात उतरवून द्यायची. निरोप समारंभात मी तिच्या अक्षराचं कौतुक केलं.

यात कुणी पोलिसांत गेलं नाही, कुणाला दंड झाला नाही, कुणाला खोली सोडावी लागली नाही. परांजप्यांनी केलं त्यापेक्षा माझं पुष्कळ सभ्य होतं. नोंदसुद्धा कुठे नाही. 'केसरी'ने अग्रलेख लिहावा असं त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त टिकलं असावं. दंडाविरुद्ध निदान बोलता तरी येतं. वृक्षारोपणाच्या कागदाविरुद्ध काय बोलणार?

मोठ्या गावांत हेच मोठ्या प्रमाणावर होतं, एवढाच फरक. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात रोहिंटन मिस्त्रींची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी होती. शिवसेनेबद्दलच्या उल्लेखांवर विद्यार्थी सेनेने आक्षेप घेतला, प्रती जाळल्या, आणि कुलगुरूंनी आपले तातडीचे अधिकार वापरून पुस्तक काढलं. अभ्यास मंडळाने वाद घालून, मतदान करून एखादं पुस्तक काढलं तर मला ते चालतं, पुस्तकं अशी येतात-जातात. इथे तसा वाद व्हायला वेळच ठेवला नाही. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये, जिथे त्या कादंबरीचं नावही कुणी आधी ऐकलं नव्हतं, आम्ही काय बोललो असू? आमच्या अभ्यासक्रमात असं काही नाही ना, एवढंच बघून घेतलं. दोघांनी स्वस्थ श्वास सोडला. त्यातली एक मी.

त्याआधी, ५ जानेवारी २००४ ला, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत जमाव घुसला होता. शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या वादग्रस्त पुस्तकात ऋणनिर्देशात संस्थेतल्या लोकांची नावं होती, एवढ्या धाग्यावरून. कपाटं उलथली, जुनी हस्तलिखितं विसकटली. तिथल्या वाचनालयात एम.ए.च्या वेळी मी दुपारच्या दुपार काढलेल्या. त्यावर मला अजून नीट लिहिता येत नाही, राहू दे.

या सगळ्या मंडळींचे झेंडे वेगवेगळे. एकाच्या हल्ल्यावर दुसरा निषेध नोंदवतो आणि आपली पाळी आली की तेच करतो. मी कुणा एकाचं नाव घ्यावं अशी तुमची अपेक्षा असेल तर मी निराश करणार आहे.

विद्यार्थ्यांचं काय पण? ते स्वतःहून बोलत नाहीत का? बोलायची जागा त्यांच्याकडे फारशी उरली नाही, हेही खरं. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून थेट निवडणुका गेल्या. त्याजागी गुणांवर वर्ग प्रतिनिधी. मी हा बदल डोळ्यांनी पाहिला. आधीची सी.आर. असायची ती भांडखोर, कँटीनच्या चहाचा दर पन्नास पैशांनी वाढला तर प्राचार्यांच्या दारात वीस जण घेऊन येणारी. नंतरचा सी.आर. म्हणजे पंच्याऐंशी टक्केवाला, ज्याला आपण सी.आर. झालोय हे नोटीस बोर्डावर कळायचं. शांतता आली, खोटं नाही. पालकांना बरं वाटलं, आम्हालाही. २०१६ च्या नव्या कायद्याने निवडणुका परत आणल्या म्हणे, पण माझ्या निवृत्तीपर्यंत आमच्या कॉलेजात मतपेटी काही दिसली नाही. भांडण कसं करावं, हरल्यावर घरी कसं जावं, हे शिकायची जी एक ओबडधोबड तालीम होती ती बंद पडली. मग एकविसाव्या वर्षी एकदम मोबाइल हातात येतो, तिथे समोर हजार माणसं, आणि पंच कुणीच नाही.

वक्तृत्व स्पर्धा आहेत की, असं कुणी म्हणेल. मी परीक्षक म्हणून खूप ठिकाणी गेले. शाल, नारळ आणि चहा. एका ठिकाणच्या पत्रकाची घडी माझ्या डायरीत अजून आहे. विषय: 'अभिव्यक्ती स्वातंत्र्याला मर्यादा हव्यात / नकोत'. खाली नियम. वेळ सहा अधिक दोन मिनिटं. ओळखपत्र आवश्यक. परीक्षकांचा निर्णय अंतिम. आणि सातवा: 'कोणत्याही व्यक्ती, समाज, पक्ष वा धर्माच्या भावना दुखावतील असे विधान केल्यास स्पर्धक बाद ठरवण्यात येईल.' म्हणजे 'मर्यादा नकोत' या बाजूने बोलणारा सातव्या नियमाच्या आत राहून बोलणार होता. त्या दिवशी चौदा मुलं बोलली. चौदाही जणांनी व्होल्टेअरच्या नावावर खपणारं तेच वाक्य म्हटलं: तुमचं मत मला पटत नसलं तरी ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी मरेपर्यंत लढेन. मी तिघांना बक्षीस दिलं आणि येताना एस.टी.त मला आठवेना की कोण कुठल्या बाजूने बोललं होतं.

नाटकवाल्या मुलांची गोष्ट वेगळी. ती अजून चुका करतात. २ फेब्रुवारी २०२४ ला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात मुलांचा परीक्षेचा प्रयोग होता. रामलीलेत काम करणाऱ्या नटांचं पडद्यामागचं जग, त्यांची थट्टामस्करी, असा विषय. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग बंद पाडला, झटापट झाली, तक्रार झाली, आणि विभागप्रमुखांसह सहा जणांना अटक झाली. जामीन मिळाला. दुसऱ्या दिवशी केंद्रात तोडफोडही झाली.

मी तो प्रयोग पाहिलेला नाही. वाईटही असेल. विद्यार्थ्यांचे प्रयोग बहुतेक वेळा थोडे वाईट असतात, म्हणून तर त्याला परीक्षा म्हणतात आणि समोर परीक्षक बसलेले असतात. सीतेचं काम करणाऱ्या नटाने विंगेत सिगारेट ओढलेली दाखवावी का, यावर त्या मुलांशी तासभर तावातावाने भांडता आलं असतं. भांडायला माणसं तिथेच होती. एखाद्या शिक्षकाने म्हटलं असतं, अरे, हशा मिळतोय पण नाटक कुठे आहे? ते त्या मुलांना जास्त लागलं असतं. त्याऐवजी संबंध आला चतु:शृंगी पोलीस ठाण्याशी. आणि जो मुलगा त्या रात्री ठाण्यात बसला असेल, तो ते नाटक बरं होतं की वाईट, हा विचार आता आयुष्यात मोकळेपणाने करू शकेल का? एक तर तो त्याचा झेंडा करेल, नाही तर नाटक सोडेल.

इथे मला माझ्या सहकाऱ्याची आठवण येते. राज्यशास्त्राचे, परभणीकडचे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. 'पावती'च्या प्रकरणानंतर मी स्टाफरूममध्ये चार दिवस धुमसत होते. मुलांना काहीही बोलू दिलं पाहिजे, असं काहीतरी जोरात म्हणाले. त्यांनी डबा बंद केला.

"काहीही?"

"काहीही."

"मॅडम, तुमच्या फलकावर एक कागद चिकटला. आमच्याकडं घरं पेटली होती. आणि ती पेटायच्या आधी भाषणंच झाली होती. कॉलेजातल्या पोरांची."

ते नामांतराबद्दल बोलत होते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. विरोधाचं आंदोलन विद्यार्थ्यांच्या नावानेच उभं राहिलं: बंद, मोर्चे, सभा. वाद विद्यापीठाच्या पाटीचा, पण तो पोहोचला खेड्यातल्या वस्त्यांवर, जिथे विद्यापीठाचं तोंडही कुणी पाहिलेलं नव्हतं. दलितांची घरं जाळली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं. माझ्या सहकाऱ्यांच्या वडिलांनी त्या ऑगस्टमध्ये घरादाराला घेऊन आठ रात्री नातेवाइकांकडे काढल्या होत्या. हे ते पहिल्यांदाच सांगत होते, आणि आम्ही बारा वर्षं शेजारच्या खुर्च्यांवर बसत होतो.

मी गप्प झाले. पक्क्या घरात राहणाऱ्या माणसाला 'बोलू द्या' म्हणणं सोपं जातं, हे मला त्या आधी सुचलं नव्हतं.

घरी येऊन संविधान काढलं. मी कायद्याची नव्हे, पण मराठी वाचता येतं. एकोणिसाव्या कलमात बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय आणि लगेच खाली ते कशासाठी आवरता येईल त्याची यादी दिलीय. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीती, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. बोटावर मोजले, आठ. चिथावणी आहे. माझ्या सहकाऱ्यांच्या वडिलांच्या त्या आठ रात्री त्या शब्दात बसतात. 'भावना' हा शब्द मात्र यादीत नाही. तो येतो फौजदारी कायद्यातून, १९२७ साली इंग्रजांनी घातलेल्या २९५ अ मधून, आता न्याय संहितेच्या २९९ मधून. आणि तिथेही नुसतं दुखावणं पुरत नाही, जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेलं असावं लागतं. सातवा नियम लिहिणाऱ्या स्पर्धासंयोजकाने मात्र जाणूनबुजूनही काढलं आणि दुष्ट हेतूही काढला. नुसत्या भावना ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी सहकाऱ्यांना ही यादी दाखवली. ते म्हणाले, "हो, मला पाठ आहे. पण मॅडम, चिथावणी कोणती आणि टिंगल कोणती, हे ठरवणारा गावात कोण असतो? तोच असतो ज्याची पोरं ऐकत नाहीत."

आम्ही दोघंही हसलो. मग ते तासाला गेले.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला त्या दिवशी गुडलक चौकातल्या हॉटेलात द्यायचा प्रयत्न केला. बन-मस्का येईपर्यंत. म्हटलं, कॉलेजला वाटतं मुलगा बाहेर जे करेल ते आपल्या नावावर जमा होईल. तो म्हणाला, "मग चांगलं केलं तर?" मी म्हटलं, "तर खोली जपून ठेवतात." त्याला हे उत्तर आवडलं नाही. मस्का आला आणि विषय बदलला.

'पावती'वाली मुलगी आता ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. दिवाळीला फोन असतोच. गेल्या गणपतीआधी मात्र तिचा फोन अवेळी आला, दुपारी अडीचला, म्हणजे मधल्या सुट्टीत.

"मॅडम, एका मुलाने लेख दिलाय भित्तिपत्रकाला. वाचून दाखवू?"

तिने वाचला. मुलगा बारावीचा. गावातल्या सप्त्याच्या पंगतीत कोण कुठे बसतं, यावर होता. विनोदी नव्हता. दोन ठिकाणी वाक्यं फसली होती, एका ठिकाणी मुलगा उगाच चिडला होता, आणि एक जागा अशी होती की तिने वाचताना थांबून श्वास घेतला.

"लावू का?"

मी काही बोलले नाही. तिकडे घंटेचा आवाज, मुलांचा गलका. तिला वाटलं फोन कट झाला.

"मॅडम?"

"आहे गं. फलकाला काच आहे?"

"आहे."

"कुलूप?"

"आहे."

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडेच," ती म्हणाली. "मी पहिल्याच वर्षी ऑफिसमधून मागून घेतली."